एका निर्वासित समाजाचे ताट

‘केजन फिश’ हे नाव आता आपल्याकडील हॉटेलांच्या खाद्यपत्रिकांतही वाचावयास मिळते. मोठ्या दुकानांत ‘केजन मसाला’ असे लिहिलेल्या बाटल्या मिळतात. परदेशी नोकरीस असलेला एखादा मुलगा सुटीत घरी येतो, सोबत अशी बाटली आणतो आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतो. थोड्याच वेळात घर धुराने भरते, आजी खोकू लागते आणि ताटात येतो एक काळाकुट्ट तुकडा. “पोरा, मासा जाळलास की रे!” हा आजीचा शेरा ठरलेला. मग मुलगा तिला समजावून सांगतो की, तो जळलेला नाही, ‘ब्लॅकन्ड’ आहे; अमेरिकेत त्याला मोठी मागणी आहे.

मुलाचे म्हणणे खरे आहे. पण ते अर्धेच खरे आहे. कारण केजन हे मसाल्याचे नाव नव्हे. ते एका समाजाचे नाव आहे. तो समाज आपल्यासारखाच कॅथॉलिक, शेतीवर आणि मासळीवर जगणारा. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी त्याला त्याच्या भूमीतून उपटून समुद्रावर लोटून देण्यात आले. ज्या पदार्थाने त्याचे नाव आज जगभर पोहोचले आहे, त्या पदार्थामागची हकीकत मात्र ताटापर्यंत पोहोचत नाही. ती सांगण्याचा हा प्रयत्न.

खाजणातील शेतकरी

इ. स. १६०५ मध्ये फ्रेंचांनी उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, आज ज्याला नोव्हा स्कोशिया म्हणतात त्या प्रदेशात, पोर्ट रॉयल येथे वसाहत स्थापन केली. या भूभागाला ते अकेडिया म्हणत. २४ जून १६१० रोजी, योहान बाप्तिस्ताच्या सणाच्या दिवशी, तेथील मिकमॉ आदिवासींचा वयोवृद्ध प्रमुख मेंबर्तू याने आपल्या कुटुंबीयांसह बाप्तिस्मा स्वीकारला. पुढे फ्रान्समधून शेतकरी कुटुंबे येत गेली आणि पिढ्या उलटल्या तसा त्यांचा एक स्वतंत्र समाज बनला. हेच अकेडियन लोक.

या लोकांचे कसब आपल्या किनारपट्टीच्या वाचकांना लगेच कळेल. तेथील फंडीच्या उपसागराची भरती जगातील सर्वांत उंच भरतींपैकी एक. अकेडियन शेतकऱ्यांनी जंगल तोडण्याऐवजी खाऱ्या दलदलीला मातीचे बांध घातले. बांधाखाली लाकडी नळ बसवून त्याला एक झडप लावली. भरतीचे पाणी चढले की झडप दाबली जाऊन बंद होई; ओहोटी लागली की आतले गोडे पाणी तिला ढकलून बाहेर पडे. या रचनेला ते ‘अबुआतो’ म्हणत. कोकण-गोव्याकडील खाजणांचे बांध ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. दोन-तीन वर्षांच्या पावसाने मीठ धुऊन निघाले की ती जमीन गव्हाचे भरघोस पीक देई.

त्यांचे जेवण साधे होते. गहू, वाटाणे, कोबी, सलगम, डुकराचे खारवलेले मांस आणि समुद्रातील मासळी. बहुतेक सारे एका भांड्यात उकडलेले. त्यात तिखटाचा मागमूस नव्हता. ज्यांच्या नावाने आज तिखट मसाला विकला जातो, त्यांचे पूर्वज तिखट खात नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

ग्रां-प्रेचे चर्च

१७१३ च्या उट्रेक्टच्या तहाने अकेडिया इंग्रजांकडे गेली. प्रजा फ्रेंच भाषिक व कॅथॉलिक, राज्यकर्ते इंग्रज व प्रोटेस्टंट, अशी अवघड स्थिती निर्माण झाली. राजनिष्ठेची शपथ घ्या, असा आग्रह सुरू झाला. अकेडियन लोकांचे उत्तर सरळ होते : आम्ही शांततेने राहू, परंतु फ्रेंचांविरुद्ध वा आमच्या मिकमॉ शेजाऱ्यांविरुद्ध शस्त्र उचलणार नाही आणि आमचा धर्म सोडणार नाही. जवळजवळ चाळीस वर्षे ही तडजोड कशीबशी टिकली. मग फ्रान्स व इंग्लंड यांच्यात पुन्हा युद्धाचे ढग जमू लागले. शत्रूची भाषा बोलणारे शेजारी आता राज्यकर्त्यांना धोकादायक वाटू लागले. शिवाय त्यांची बांधबंदिस्त, सुपीक जमीन अनेकांच्या डोळ्यांत भरली होतीच.

२८ जुलै १७५५ रोजी हॅलिफॅक्स येथे उपराज्यपाल चार्ल्स लॉरेन्स व त्याच्या मंडळाने सर्व अकेडियन लोकांना हद्दपार करण्याचा निर्णय घेतला. ऑगस्टमध्ये प्रथम धर्मगुरूंना पकडून नेण्यात आले. मेंढपाळ आधी हलवला की कळप गोंधळतो, हे शासनाला चांगले ठाऊक होते. ५ सप्टेंबर रोजी कर्नल जॉन विन्स्लो याने ग्रां-प्रे या गावातील पुरुषांना व मोठ्या मुलांना चर्चमध्ये बोलावले. ४१८ जण आले. जेथे त्यांचे बाप्तिस्मे आणि विवाह झाले होते, त्या सेंट चार्ल्सच्या चर्चचे दरवाजे बंद करून त्यांना राजाज्ञा वाचून दाखवण्यात आली : तुमच्या जमिनी, घरे, गुरेढोरे सरकारजमा झाली आहेत, तुम्हांला या प्रांतातून हलवण्यात येत आहे. हे काम आपल्या स्वभावाला रुचणारे नाही, अशी नोंद स्वतः विन्स्लोने ठेवली आहे. तरीही ते त्याने चोख केले.

पुढे जहाजे आली. कुटुंबे एकत्र ठेवण्याचे आश्वासन गर्दीत व घाईत वाहून गेले. नवरा एका जहाजावर, बायको दुसऱ्या, असे अनेकांचे झाले. कोणी परत येऊ नये म्हणून मागे घरे व कोठारे पेटवण्यात आली. १७५५ ते १७६३ या काळात सुमारे चौदा हजारांपैकी दहा हजारांहून अधिक लोक हद्दपार झाले. त्यांना मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंतच्या इंग्रज वसाहतींत विखरून टाकण्यात आले. व्हर्जिनियाने त्यांना ठेवून घेण्यास नकार दिला व इंग्लंडला धाडले. तेथे ते युद्ध संपेपर्यंत अडकून पडले. डिसेंबर १७५८ मध्ये ‘ड्यूक विल्यम’ आणि ‘व्हायोलेट’ ही दोन जहाजे अटलांटिकमध्ये बुडाली आणि शेकडो जीव गेले. रोगराईने त्याहून अधिक नेले. अकेडियन लोक या काळाला ‘ल ग्रां देरांजमाँ’, म्हणजे मोठी उलथापालथ, म्हणतात. एवढ्या दुःखाला एवढा सौम्य शब्द! सोसणाऱ्यांची भाषा पुष्कळदा अशीच असते.

पाणथळ भूमीतील नवे घर

या विखुरलेल्या लोकांतील काही कुटुंबे १७६४ मध्ये मिसिसिपी नदीच्या मुखाकडील लुइझियानात पोहोचली. १७६५ च्या प्रारंभी जोसेफ ब्रुसार्द, ज्याला लोक ‘बोसोलेय’ म्हणत, तो सुमारे दोनशे जणांना घेऊन आला. हद्दपारीच्या काळात त्याने इंग्रजांशी झुंज दिली होती. नव्या भूमीत त्याला वर्षही लाभले नाही. त्याच शरद ऋतूत तो मरण पावला. परंतु त्याच्या लोकांनी तेथे मूळ धरले. लुइझियाना तोवर स्पेनच्या ताब्यात गेली होती. स्पेनच्या कॅथॉलिक राजसत्तेला असे कष्टाळू वसाहतकार हवेच होते. १७८५ मध्ये स्पेनच्या खर्चाने सात जहाजांतून सुमारे सोळाशे अकेडियन फ्रान्सहून तेथे आणले गेले. ‘अकादियाँ’ या शब्दाचा ‘कादियाँ’ झाला आणि इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचा ‘केजन’ झाला.

उत्तरेत जे उरले वा परतले, त्यांनी १८८१ मध्ये १५ ऑगस्ट हा मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आपला राष्ट्रीय दिन म्हणून निवडला आणि १८८४ मध्ये फ्रेंच तिरंग्यावर समुद्रतारा मरियेचा सोनेरी तारा रेखून आपला ध्वज केला. लुइझियानातील बांधवांनी १९६५ मध्ये आपला वेगळा ध्वज तयार केला. त्यावरही तोच तारा आहे. दोन हजारांहून अधिक किलोमीटरचे अंतर आणि दोनशे वर्षांची ताटातूट यांनंतरही तारा एकच राहिला.

स्वयंपाकघरातील ऋण

नव्या भूमीत गहू पिकेना. थंडी नाही, उलट उष्ण, दमट हवा. ‘बायू’ म्हणतात ते संथ वाहणारे ओढे. त्यांत मासे, झिंगे, कासवे आणि सुसरी. केजन गृहिणीला सारे नव्याने शिकावे लागले. गव्हाच्या जागी भात आणि मका आला. चोक्टॉ आदिवासींनी ससाफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड रश्शात घालायला शिकवली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर भेंडी आली. ‘गम्बो’ या प्रसिद्ध रश्श्याचे नावच भेंडीच्या आफ्रिकी नावावरून पडले आहे. जर्मन शेतकऱ्यांनी सॉसेजची विद्या दिली. स्पॅनिश संपर्कातून मिरची आली. तीच अमेरिकेतली मिरची, जी पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली आणि जिच्यावाचून आपली चूल आज पेटत नाही.

येथे एक कटू गोष्ट टाळता येत नाही. ज्या भूमीत केजन लोकांना आसरा मिळाला ती आधी इतरांची होती. पुढे त्यांच्यातील काही सधन कुटुंबांनी गुलामही बाळगले. स्वतः अन्याय सोसला म्हणून माणूस दुसऱ्यावर अन्याय करणार नाही, असे इतिहासात घडत नाही. केजन पातेल्यातील चव ही अनेकांच्या श्रमाची आहे आणि त्यांपैकी काहींचे श्रम सक्तीचे होते, हे मान्य केल्याशिवाय या ताटाचा इतिहास पुरा होत नाही.

कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची या तीन भाज्यांच्या फोडणीला तेथे ‘पवित्र त्रैक्य’ असे गमतीने म्हणतात. धर्म हा असा त्यांच्या बोलण्यात मुरलेला आहे. उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य. त्यामुळे मासे, झिंगे, क्रॉफिश यांना उधाण येते. सुसर ही मांस की मासळी, असा प्रश्न एका श्रद्धावंताने विचारला, तेव्हा २०१० मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपांनी पत्राने उत्तर दिले की, या नियमापुरती तिची गणना माशांत होते. लोकांनी ते पत्र आनंदाने वाचले असणार!

बिडाचा तवा

आता त्या काळ्या माशाकडे वळू. सर्वांना वाटते की, हा पदार्थ केजन आजीच्या आजीपासून चालत आलेला आहे. तसे नाही. तो १९८० च्या सुमारासचा आहे आणि त्याचा जनक ज्ञात आहे.

पॉल प्रुधॉम यांचा जन्म १९४० मध्ये लुइझियानातील ओपलूसस गावाजवळ एका खंडकरी शेतकऱ्याच्या घरी झाला. तेरा भावंडांतील ते सर्वांत धाकटे. थोरल्या बहिणी लग्न होऊन गेल्यावर लहानग्या पॉलला आईबरोबर चुलीपाशी उभे राहावे लागले. घरात शीतकपाट नव्हते. म्हणून जे शिजवायचे ते ताजे, हा धडा त्यांना तेथे मिळाला. १९७९ मध्ये त्यांनी व त्यांच्या पत्नीने न्यू ऑर्लिन्समध्ये एक लहानसे उपाहारगृह उघडले. लाकडाच्या उघड्या आचेवर भाजलेल्या माशाची चव त्यांना हवी होती. पण तेथे तशी भट्टी नव्हती. तेव्हा त्यांनी बिडाचा तवा पराकोटीचा तापवला, माशाचा काप वितळलेल्या लोण्यात बुडवला, मसाल्यात घोळवला आणि तव्यावर टाकला. लोणी आणि मसाला क्षणात करपून त्यांचे काळे, खमंग कवच झाले. आतला मासा मात्र पांढरा व रसाळ राहिला. काळा होतो तो मसाला, मासा नव्हे. आजीचा शेरा येथे थोडा चुकतो.

घरी करून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी मूळ कृतीचे प्रमाण देतो. सहा कापांसाठी एक मोठा चमचा पॅप्रिका, म्हणजे रंगाची, कमी तिखट लाल मिरचीपूड. अडीच लहान चमचे मीठ. कांद्याची पूड, लसणीची पूड आणि तिखट मिरचीपूड प्रत्येकी एक लहान चमचा. पांढरी व काळी मिरी पाऊण-पाऊण चमचा. थाइम आणि ओरेगानो ही वाळलेली पाने अर्धा-अर्धा चमचा. मासा घट्ट मांसाचा, काटे काढलेला आणि सुमारे अर्धा इंच जाडीचा असावा. त्याहून जाड असेल तर बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. बिडाचा कोरडा तवा मोठ्या आचेवर दहा मिनिटे तापवावा. धूर निघून गेल्यावर तळाशी राखेसारखी पांढुरकी छटा दिसली की तो तयार झाला. काप एका बाजूने सुमारे दोन मिनिटे, उलटून तितकाच वेळ. नॉन-स्टिक तवा यासाठी कदापि वापरू नये. लोणी तव्यात ओतू नये, भडका उडतो. आणि धुराचे भान ठेवावे. अंगणात शेगडी मांडता आली तर उत्तम. घरातील वृद्धांना व दम्याच्या रुग्णांना त्या दिवशी स्वयंपाकघरापासून दूर बसवावे.

माशाचे दुर्दैव

प्रुधॉम यांनी यासाठी जो मासा निवडला, त्याला तेथे ‘रेडफिश’ म्हणतात. तांबूस अंगाचा, शेपटीजवळ काळा ठिपका असलेला. आपला घोळ आणि ढोमा त्याच कुळातले. तोवर या माशाला फारसा मान नव्हता. प्रुधॉम यांचे उपाहारगृह १९८३ मध्ये काही काळ सॅन फ्रान्सिस्कोला आणि १९८५ मध्ये न्यूयॉर्कला गेले; १९८४ मध्ये त्यांचे पाककृतींचे पुस्तक निघाले. पाहता पाहता अमेरिकेतील गावोगावच्या हॉटेलांत काळा रेडफिश मिळू लागला.

मागणी वाढली तशी जाळी वाढली. हा मासा चाळीस वर्षांहून अधिक जगू शकतो. प्रौढ मासे खोल पाण्यात थव्याने फिरतात आणि तेच अंडी घालून पुढची पिढी देतात. विमानांतून थवे हेरून मोठ्या जाळ्यांनी ते थवेच्या थवे उचलले जाऊ लागले. केवळ सहा-सात वर्षांत धोक्याची घंटा वाजली. १९८६ मध्ये सरकारने तातडीची बंधने घातली आणि १९८८ पर्यंत मेक्सिकोच्या आखातातील केंद्र सरकारच्या अखत्यारीतील पाण्यात त्याची पकड बंद झाली. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी या माशाच्या रक्षणासाठी आणखी एक आदेश काढला. एका तव्याची कीर्ती एका माशाच्या जिवावर उठली! प्रुधॉम स्वतः ट्युना व इतर माशांकडे वळले. मसाला तोच राहिला. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२० मध्ये त्यांचे उपाहारगृह कायमचे बंद झाले.

ताट आणि जीभ

या कथेत एक गोष्ट मनाला सर्वांत अधिक लागते. १९२१ च्या लुइझियाना राज्यघटनेने शाळांतील शिक्षण इंग्रजीतूनच देण्याचे बंधन घातले. केजन मुले शाळेच्या आवारात फ्रेंच बोलली तर त्यांना शिक्षा होई. ‘मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही’ असे पुनःपुन्हा लिहून काढावे लागे. ती मुले मोठी झाली, आईबाप झाली आणि आपल्या वाट्याला आलेला अपमान मुलांच्या वाट्याला येऊ नये म्हणून त्यांनी घरातही फ्रेंच बोलणे सोडले. जे लॉरेन्सच्या जहाजांना जमले नाही, ते शाळेच्या फळ्याने केले. १९६८ मध्ये राज्यानेच फ्रेंचच्या जतनासाठी एक मंडळ स्थापन केले. शाळांतून ती भाषा पुन्हा शिकवली जाऊ लागली. तथापि आजीच्या मांडीवर ऐकलेली भाषा आणि वर्गात शिकलेली भाषा यांत फरक राहतोच.

म्हणजे घडले असे : ज्या काळात केजन माणसाची जीभ आपली भाषा विसरत होती, त्याच काळात जगाची जीभ त्याच्या मसाल्याला सोकावत होती. १८४७ मध्ये लाँगफेलो या अमेरिकन कवीने ‘इव्हँजेलिन’ या काव्यातून त्याच्या हद्दपारीची कथा जगाला सांगितली. १९८० नंतर प्रुधॉम यांच्या तव्याने त्याची चव जगाला दिली. दोन्ही गोष्टींचे मोल आहे. पण काव्याची नायिका कल्पित होती आणि पदार्थ नवा होता. खरी माणसे, त्यांची बोली, त्यांची गाऱ्हाणी बराच काळ कोणी विचारली नाहीत. ९ डिसेंबर २००३ रोजी इंग्लंडच्या राणीच्या नावे निघालेल्या घोषणापत्रात हद्दपारीच्या यातनांची प्रथमच अधिकृत कबुली देण्यात आली आणि २८ जुलै हा स्मरणदिन ठरवण्यात आला. २०१२ मध्ये ग्रां-प्रेच्या बांधांना व परिसराला युनेस्कोने जागतिक वारसा मानले. अडीचशे वर्षांनी का होईना, झाले ते झाले, असे म्हणण्याऐवजी ‘झाले ते चुकीचे झाले’ असे म्हटले गेले.

पदार्थ टिकवणे सोपे असते. त्याला जीभ स्वतःहून साथ देते. बोली टिकवायला मात्र रोज थोडे कष्ट पडतात. सणाला परंपरागत मसाला कांडणाऱ्या आपल्या घरांतही आजीची बोली नातवंडांना किती समजते, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने जेवणाच्या मेजावर बसूनच विचारावा. ज्या समाजाकडे केवळ पाककृती उरते, तो समाज उद्या बाटलीवरच्या नावापुरता उरू शकतो.

तेव्हा आपल्या घरी तो मुलगा पुन्हा बिडाचा तवा तापवील, तेव्हा खिडक्या उघडाव्यात, आजीला पडवीत बसवावे आणि मासा अवश्य खावा. फक्त पहिला घास घेण्यापूर्वी त्याने घरच्यांना ग्रां-प्रेच्या बंद चर्चमधील त्या ४१८ जणांची गोष्ट सांगावी. शक्य तर ती आजीच्या बोलीत सांगावी.